समोरच्याच्या डोळ्यांसाठी मंद होणारा दिवा

रेल्वे इंजिनाच्या हेडलाइटचा एक छोटा नियम, आणि रुळाशेजारी राहणाऱ्या आपल्या घरांसाठी त्याचा अर्थ

रात्रीचे दोन वाजलेले असतात. थंडी मी म्हणत असते. पाचोरा आणि जळगावच्या मधल्या एखाद्या खेड्याबाहेर रुळाकडेच्या खडीवरून दोन माणसे चालत असतात. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या खांद्यावर हातोडा आणि पाना. हे रात्रपाळीचे पेट्रोलमन. थंडीत रूळ आकसतो, जोड ताणले जातात, एखादे वेल्ड तडकते. ते आधी या दोघांना दिसले पाहिजे, नंतर गाडी गेली पाहिजे.

दूरवर एक दिवा दिसतो. गाडी समोरून येत आहे. दिवा मोठा होत जातो, रूळ चांदीसारखे चमकू लागतात. आणि एकाएकी तो दिवा मंद होतो.

नवखा माणूस म्हणेल, "ड्रायव्हरने दिवा का कमी केला? बिघाड झाला की काय?" पण लाइनीवर आयुष्य काढलेला माणूस असे म्हणत नाही. तो लगेच मान वळवून मागे पाहतो. कारण त्याला ठाऊक असते, समोरच्या ड्रायव्हरने दिवा मंद केला आहे म्हणजे त्याला विरुद्ध दिशेने येणारी दुसरी गाडी दिसली असणार. विरुद्ध दिशेने म्हणजे कुठून? तर आपल्या पाठीमागून!

वाचकहो, एवढी एक गोष्ट माहीत असणे आणि नसणे यात एका जिवाचे अंतर असू शकते. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, धुळे या गावांत आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल रेल्वेवर पेटली. कोणाचे वडील गँगमन, कोणाचे आजोबा शेडमध्ये खलाशी, कोणाचा मुलगा आज असिस्टंट लोको पायलट. ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी नाही, त्यांचीही वस्ती बहुधा रुळाच्या आसपासच. म्हणून इंजिनाच्या कपाळावरच्या या दिव्याची भाषा आपण सर्वांनी समजून घ्यायला हवी.

नियम काय सांगतो?

भारतीय रेल्वेचे कामकाज ज्या पुस्तकावर चालते ते म्हणजे १९७६ चे 'जनरल रूल्स'. त्यातील ४.१४ क्रमांकाचा नियम इंजिनाच्या दिव्यांसंबंधी आहे. सोप्या भाषेत त्याचा आशय असा.

रात्री, तसेच दाट धुक्यात किंवा वादळी हवेत, गाडीच्या इंजिनावर समोर विजेचा हेडलाइट आणि दोन पांढरे मार्कर दिवे लागलेले असले पाहिजेत. हेडलाइटला प्रकाश कमी करण्याची सोय असलीच पाहिजे. गाडी चालू असताना हा दिवा पूर्ण ताकदीने लावायचा. मात्र काही प्रसंगी तो मंद करायचा. पहिला प्रसंग, गाडी स्टेशनात उभी असताना. दुसरा प्रसंग, दुहेरी किंवा त्याहून जास्त लाइनी असलेल्या मार्गावर विरुद्ध दिशेने येणारी गाडी जवळ येत असताना. मग ती शेजारची लाइन त्याच गेजची असो वा वेगळ्या गेजची. याशिवाय त्या त्या विभागाने विशेष सूचना देऊन ठरवलेले प्रसंग.

'वेगळ्या गेजची' हे शब्द वाचून पाचोऱ्याच्या जुन्या माणसांना हसू येईल. २०२० पर्यंत तेथे मुंबई-भुसावळची मोठी लाइन आणि जामनेरला जाणारी छोटी नॅरोगेज लाइन एकाच गावात नांदत होत्या. छोट्या गाडीचा दिवा आणि मोठ्या गाडीचा दिवा, दोघांनाही शिष्टाचार एकच!

हेडलाइट वाटेत बंद पडला तर काय? गाडी तिथेच सोडून देत नाहीत. दोन मार्कर दिव्यांवर ती पुढे नेतात, पण वेग कमी करून. सर्वसाधारणपणे ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नाही. यार्डात डबे इकडून तिकडे करणाऱ्या शंटिंग इंजिनाची खूण निराळी. त्याला पुढे आणि मागे दोन-दोन लाल मार्कर दिवे असतात. म्हणजे अंधारातही कोणते इंजिन गाडी घेऊन निघाले आहे आणि कोणते यार्डातल्या यार्डात फिरत आहे, हे दिव्यांवरून कळते.

वाफेच्या इंजिनाच्या काळातही ही सोय होती. बॉयलरच्या वाफेवर एक लहानसा टर्बो जनरेटर फिरे आणि त्यावर कपाळावरचा दिवा जळे. पुढे डिझेल आणि विजेची इंजिने आली. एका मोठ्या दिव्याऐवजी जोडदिवा आला. आता एलईडीचे शुभ्र दिवेही दिसू लागले आहेत. प्रकाश वाढत गेला, तसे तो आवरण्याचे महत्त्वही वाढत गेले.

डोळ्यांचे गणित

ड्रायव्हरच्या कॅबमध्ये रात्री दिवा विझवलेला असतो. ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघेही अंधारात बसून समोर पाहतात आणि सिग्नल दिसला की त्याचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात. त्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात.

हे सरावणे म्हणजे काय? आपल्या डोळ्याच्या पडद्यात मंद प्रकाशात पाहण्यासाठी वेगळ्या पेशी असतात. त्यांत एक रंगद्रव्य असते. उजेड पडला की ते विरते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. घरातले दिवे गेले की आधी काहीच दिसत नाही आणि थोड्या वेळाने भांड्यांचा आकार दिसू लागतो, तो याचाच परिणाम. डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. पण एक प्रखर झोत डोळ्यांत गेला की ही सारी कमाई काही क्षणांत जाते. हे रंगद्रव्य तयार होण्यासाठी 'अ' जीवनसत्त्व लागते. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, मेथी-पालकासारख्या पालेभाज्या खा असे डॉक्टर सांगतात, ते उगीच नाही. लोको पायलटच्या नोकरीसाठी डोळ्यांची तपासणी सर्वांत कडक असते, ए-१ या वर्गाची. ज्या तरुणांना ही परीक्षा द्यायची आहे त्यांनी अभ्यासाइतकीच डोळ्यांचीही काळजी घ्यावी.

आता हिशेब करू. ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर जाते. समोरच्या झोताने ड्रायव्हरचे डोळे अवघे पाच सेकंद दिपले, तर तेवढ्यात गाडी १५० मीटर पुढे गेलेली असते. वेग ताशी १३० असेल तर १८० मीटर. या अंतरात एखादे फाटक असू शकते, एखादा सिग्नल असू शकतो, रुळावर वाकून काम करणारा माणूस असू शकतो.

दोन गाड्या समोरासमोर येतात तेव्हा दोघींच्या वेगाची बेरीज होते. ११० आणि ११० मिळून २२०. म्हणजे त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला सुमारे ६० मीटरने कमी होते. दोन किलोमीटरवर दिसलेली गाडी अर्ध्या मिनिटाच्या थोडी पुढेमागे शेजारून निघून जाते. एवढ्या वेळात ड्रायव्हरने दिवा मंद करायचा, आपली लाइन, आपले सिग्नल पाहत राहायचे, आणि गाडी ओलांडली की पुन्हा पूर्ण दिवा लावायचा. एका रात्रीच्या ड्यूटीत हे कितीदा करावे लागत असेल याची कल्पना करा.

धुळ्याच्या माणसाला हे सांगण्यासाठी रेल्वेपर्यंत जायची गरज नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते त्याच्या दारात भेटतात. ट्रकच्या मागे रंगवलेली 'रात्री डिपर वापरा' ही विनंती त्याने लहानपणापासून वाचली आहे. समोरच्याने डिपर मारला नाही तर मोटारसायकलवाल्याची काय गत होते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. पण रेल्वेचा एक मोठा फरक आहे. ट्रकवाला दिपला तर निदान ब्रेक दाबून बाजूला घेईल. गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती स्टेअरिंग नाही. त्याच्याकडे डोळे, हॉर्न आणि ब्रेक एवढेच आहे. आणि वेगात असलेल्या गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला साधारण एक किलोमीटर लागतो.

एकेरी लाइन, दुहेरी लाइन

सुरत-भुसावळ पॅसेंजरने प्रवास केलेल्या माणसाला 'क्रॉसिंग' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही! नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, कुठेतरी गाडी उभी राही. चहा होई, शेंगा खाऊन होत, मुले खाली उतरून पाणी पिऊन येत, तरी समोरची गाडी येत नसे. कारण लाइन एकेरी होती. एकेरी लाइनीवर दोन गाड्या भेटू शकतात त्या फक्त स्टेशनातच. म्हणून तिथे नियमाचा पहिला भाग महत्त्वाचा. उभ्या गाडीने दिवा मंद ठेवायचा. नाही तर येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर दिपेल, पॉइंट्समन दिपेल, आणि रूळ ओलांडणाऱ्या प्रवाशाला काहीच दिसणार नाही.

उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले. क्रॉसिंगची रखडपट्टी संपली, ही आनंदाची गोष्ट. पण त्याबरोबर दिव्यांची भेट स्टेशनातून बाहेर पडली आणि रानात होऊ लागली. शेताच्या बांधापाशी, नाल्याच्या पुलापाशी, वस्तीच्या मागे. जी लाइन ओलांडताना इतकी वर्षे एकाच बाजूची गाडी पाहून पाऊल टाकण्याची सवय होती, तिथे आता दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गाडी येऊ शकते. भुसावळ आणि जळगावच्या दरम्यान तर तिसरी आणि चौथी लाइनही पडली आहे. मार्ग बदलला, पण आपल्या पायांची सवय बदलली का? हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

१९०० साली सुरू झालेली चाळीसगाव-धुळे शाखा मात्र अजून एकेरी आहे. राजमाने, शिरूडच्या परिसरातील म्हातारी माणसे आजही "आपली गाडी" म्हणतात. पण धुळ्याचे चित्रही बदलणार आहे. मनमाड-इंदूर नव्या मार्गाला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली असून तो धुळ्यावरून जाणार आहे. म्हणून आज एका लाइनीची सवय असलेल्या मुलांना उद्यासाठी आतापासूनच शिकवले पाहिजे.

रुळावरचा माणूस

दिवा मंद करण्याचा नियम दोन ड्रायव्हरांसाठी आहे, असे पुस्तक वाचून वाटते. पण त्याचा उपयोग तिसऱ्याही एका माणसाला होतो. तो म्हणजे रुळावर चालणारा कामगार.

या माणसाची आठवण निघाली की याच लाइनीवरचे मनमाड आठवते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हा त्यांचा विचार सर्वांना माहीत आहे. पण त्याच भाषणात त्यांनी एक अगदी साधी, रोजची गोष्ट मांडली होती. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधे पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो! म्हणजे स्टेशनच्या छताखालची नोकरी इतरांची, आणि उन्हातान्हातली, रात्रीबेरात्रीची लाइन आपली.

आज दिवस पालटले. त्याच गँगमनची नातवंडे इंजिनाच्या कॅबमध्ये बसली आहेत, कोणी स्टेशनमास्तरच्या खुर्चीत आहेत. गँगमनचे नावही बदलून ट्रॅक मेंटेनर झाले. पण रूळ तपासायला अजूनही कोणाला तरी पायी चालावे लागते. गाडी शेजारून जाताना दुसऱ्या गाडीचा आवाज त्या गडगडाटात बुडून जातो. एका गाडीचा झोत डोळ्यांवर असताना दुसरी दिसत नाही. कान गेले, डोळे गेले, मग उरले काय? उरते ती शिस्त. दुहेरी लाइनीवर काम करणाऱ्याने एका लाइनीवर गाडी आली तर शेजारच्या लाइनीवर जाऊन उभे राहायचे नसते. सर्व लाइनी सोडून कडेला यायचे असते. जुने मुकादम नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवीत, "एक गाडी दिसली तर दुसरी आहेच असे समज."

कॅबमध्ये बसलेल्या आपल्या तरुण ड्रायव्हर बंधूंना एवढेच सांगणे आहे. वेळेवर दिवा मंद करण्यासाठी तुमचा हात कळीकडे जातो, तेव्हा खाली खडीवर कोणाचे तरी वडील चालत असतात. ते तुमचेही असू शकले असते.

पिवळा लुकलुकणारा दिवा

हेडलाइटशिवाय इंजिनाला आणखी एक दिवा असतो. तो एरवी बंद असतो. त्याला फ्लॅशर म्हणतात. पिवळसर रंगाचा, उघडझाप करणारा. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अचानक थांबली, साखळी ओढली गेली, डबे घसरले किंवा ब्रेकचा दाब एकाएकी उतरला, तर ड्रायव्हरने तो ताबडतोब चालू करायचा. शेजारच्या लाइनीवरून येणाऱ्या ड्रायव्हरने तो पाहिला की आपली गाडी थांबवायची. कारण आपल्या लाइनीवर काय पडले आहे, कोण उभे आहे, हे त्याला माहीत नसते. गरज पडल्यास कर्मचारी लाल बत्ती घेऊन पुढे धावतात आणि रुळावर आवाजाचे पटाखे लावतात. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक, आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन.

२२ जानेवारी २०२५ चा दिवस जळगाव जिल्हा विसरणार नाही. लखनौहून मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्स्प्रेस पाचोरा तालुक्यात माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या दरम्यान थांबली. डब्यात आग लागल्याची अफवा पसरली होती, साखळी ओढली गेली होती. भेदरलेली माणसे खाली उतरली आणि काही जण शेजारच्या लाइनीवर गेले. त्याच लाइनीवरून विरुद्ध दिशेने कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला. पोट भरण्यासाठी गाव सोडून निघालेली साधी माणसे होती ती.

पुष्पकच्या ड्रायव्हरने फ्लॅशर लावला होता, तो पाहून कर्नाटकच्या ड्रायव्हरने ब्रेकही लावले होते, पण वळणामुळे दूरचे दिसण्यात आणि गाडी थांबण्यात अडचण आली, असे रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडून त्या वेळी सांगण्यात आले. दिवसाउजेडी घडलेली ही घटना आहे. दिवा लागला, ब्रेक लागले, तरी माणसे वाचली नाहीत. यातून एकच धडा घ्यायचा. इंजिनावरचे दिवे ड्रायव्हरला सावध करतात, गाडीतून उतरलेल्या माणसाला वाचवू शकतातच असे नाही. उतरायची वेळ आलीच तर शेजारी लाइन नसलेल्या बाजूने उतरा. ती बाजू कोणती, हे खिडकीतून आधी पाहून घ्या. मुलांचे हात धरा. आणि कोणी "आग! आग!" ओरडले तर धूर दिसतो का, वास येतो का, हे पाहण्याइतका एक क्षण स्वतःला द्या. अफवेला बुद्धीने उत्तर देणे हीच आपली शिकवण आहे.

दिवा फसवतो तो कसा?

रुळ ओलांडणारा माणूस म्हणतो, "गाडी लांब आहे, जाऊ की पटकन." तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच ती लांब वाटते.

आपल्यासमोरून आडवी जाणारी बैलगाडी किती वेगात आहे ते आपल्याला लगेच कळते, कारण ती झाडामागून घरामागे सरकते. पण सरळ आपल्याकडे येणारा दिवा कुठेच सरकत नाही. तो फक्त मोठा होतो, आणि तोही सुरुवातीला अगदी हळू. मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा संथ येत आहे असेही डोळ्याला वाटते. त्यात दिवा मंद केलेला असेल तर माणूस समजतो की गाडी अजून दूर आहे, किंवा स्टेशनात उभी आहे. आणि इथेच घात होतो! मंद दिवा म्हणजे थांबलेली गाडी नव्हे. मंद दिव्याची गाडीही ताशी ११० किलोमीटरने येत असते.

ब्रॉडगेजवरील बिनपहाऱ्याची फाटके २०१९ च्या जानेवारीअखेर बंद करण्यात आली. आता फाटक आहे तिथे गेटमन आहे, नाही तर भुयारी रस्ता किंवा पूल आहे. तरी वळसा वाचवण्यासाठी लोक मधूनच लाइन ओलांडतात. शाळेची मुले, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या माता-भगिनी, कारखान्यातून सुटलेले कामगार. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमानुसार हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. पण दंडाचे सोडा. ज्या वस्तीला पूल दोन किलोमीटरवर आहे, तिने एकत्र येऊन जवळच्या पादचारी पुलाची मागणी लेखी करावी, सह्या गोळा कराव्यात, पाठपुरावा करावा. आणि तो होईपर्यंत वळसा घ्यावा.

खेळण्यातल्या गाडीचा दिवा

हा दिव्याचा शिष्टाचार इतका जुना आणि मान्य आहे की खेळण्यातल्या गाड्यांपर्यंत तो पोहोचला आहे. अमेरिकेतील जुन्या रेल्वे नियमपुस्तकात हेडलाइटसंबंधीचा नियम १७ व्या क्रमांकावर होता. एकेरी लाइनीवर बाजूच्या लाइनीत शिरून थांबलेली गाडी तिथे आपला दिवा झाकून किंवा विझवून टाकी. समोरच्याला त्यावरून कळे, मी मुख्य लाइन मोकळी केली आहे, तू ये. आज तिकडचे छंदिष्ट लोक घरात छोट्या रेल्वे मांडतात, तेव्हा इंजिनातल्या दिव्याला मंद करण्याची जी सोय असते तिला ते अजूनही 'रूल १७' म्हणतात.

छोट्या गाड्यांत एक गंमत आहे. साध्या खेळण्यात रुळातून येणाऱ्या एकाच विजेवर मोटर आणि दिवा दोन्ही चालतात. गाडी हळू केली की दिवा मंद, थांबवली की दिवा गुल! खऱ्या गाडीत असे चालेल का? म्हणून पुढे डिजिटल पद्धत निघाली. रुळात वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनात एक छोटी चकती आज्ञा ऐकते. गाडी थांबव, दिवा चालू ठेव. समोरून गाडी आली, दिवा मंद कर. आपल्या महाराष्ट्रात अशा छोट्या गाड्या पाहायच्या असतील तर पुण्यात कोथरूड भागात जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये सुरू झाले. पुण्याला नातेवाइकांकडे गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

पण पुण्याला जायलाच हवे असे नाही. रविवारी घरीच करून पाहण्यासारखा एक प्रयोग देत आहोत.

मुलांसाठी : पुठ्ठ्याचे इंजिन, खरा डिमर

साहित्य : ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, एक पांढरा एलईडी, ४७० ओहमचा एक आणि ४,७०० ओहमचा एक असे दोन रेझिस्टर, एक टू-वे स्विच, थोडी वायर आणि चहाच्या पुड्याचा रिकामा खोका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे सारे थोड्या पैशांत मिळते.

कृती : बॅटरीच्या अधिक टोकाची वायर स्विचच्या मधल्या टोकाला जोडा. स्विचच्या एका बाजूला ४७० ओहमचा आणि दुसऱ्या बाजूला ४,७०० ओहमचा रेझिस्टर जोडा. दोन्ही रेझिस्टरांची मोकळी टोके एकत्र करून एलईडीच्या लांब पायाला जोडा. आखूड पाय बॅटरीच्या उणे टोकाला. खोक्याला भोक पाडून दिवा बसवा. झाले इंजिन!

हिशेब : एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. उरतात ६. ओहमच्या नियमाने ६ भागिले ४७०, म्हणजे सुमारे १३ मिलिअँपिअर. दिवा प्रखर. ६ भागिले ४,७००, म्हणजे सुमारे सव्वा मिलिअँपिअर. दिवा मंद. जुन्या इंजिनांतही मोठ्या दिव्याच्या वाटेत असाच अडथळा घालून प्रकाश कमी करीत. शाळेच्या पुस्तकातला धडा तुमच्या हातात आला!

आता खोली अंधारी करा. दिव्याच्या अगदी शेजारी एक कागद उभा करून त्यावर फिक्या पेन्सिलीने एक अक्षर लिहा. चार पावलांवर उभे राहून दिवा प्रखर असताना अक्षर वाचता येते का पाहा. मग दिवा मंद करा आणि पुन्हा पाहा. ड्रायव्हरला सिग्नल आणि पेट्रोलमन का दिसत नाही, हे तुम्हाला कोणी वेगळे सांगायला नको.

सूचना : एलईडी रेझिस्टरशिवाय बॅटरीला जोडू नका, आणि घरातल्या विजेच्या प्लगला तर यातले काहीही कधीच लावू नका. प्रखर दिव्याकडे टक लावून पाहू नका.

घरात लिहून ठेवावे असे काही

एक. गाडीचा दिवा मंद झाला तर समोरून दुसरी गाडी येत आहे असे धरून चाला. आधी दोन्हीकडे पाहा.

दोन. मंद दिवा म्हणजे थांबलेली किंवा दूरची गाडी नव्हे.

तीन. एक गाडी निघून गेली की लगेच पाऊल टाकू नका. तिच्या आडून दुसरी येत असते. गाडी पूर्ण जाऊ द्या, दोन्ही बाजू मोकळ्या दिसू द्या.

चार. इंजिनावर पिवळा दिवा लुकलुकत असेल तर तिथे काहीतरी अघटित आहे. बघ्याची गर्दी करू नका. लाइनीपासून दूर राहा.

पाच. रुळावरून चालताना मोबाइल कानाला नाही, हेडफोन कानात नाही.

एका सेकंदात ३० मीटर धावणाऱ्या लोखंडी राक्षसालाही समोरच्याच्या डोळ्यांची कदर करायला नियमाने शिकवले आहे. ज्यांच्या घरचा माणूस आज रात्री लाइनीवर जाणार आहे, त्यांनी त्याचा डबा भरताना बॅटरीचे सेल नवे आहेत का तेही पाहावे. आणि तो सकाळी परत आला की त्याला विचारावे, "रात्री किती गाड्यांनी दिवा मंद केला?"